लिहायला, टाइप करायला आणि प्लॅनिंगला मी काय वापरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात, कथा लिहिते (बहुतेक दिवाळी अंकांसाठी) आणि एका पुरवणीत सदर असतं. लोक मला पेन कुठलं, ॲप कुठलं, मराठी इतकं पटपट टाइप कसं करता हे सारखं विचारतात आणि मला या विषयावर बोलायला मनापासून आवडतं, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतेय. माझी कसोटी एकच आहे, तीच सगळीकडे दिसेल: मी आज लिहिलेलं मराठी वीस वर्षांनी, दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, माझ्याशिवाय कोणालाही उघडून वाचता आलं पाहिजे. ज्या वस्तूने हे होत नाही ती कितीही छान दिसो, मी घेत नाही.

ताई, तुम्ही हाताने लिहिता की डायरेक्ट टाइप करता?

कथेचा पहिला खर्डा हाताने, सदर डायरेक्ट टाइप. सदराला सहाशे शब्दांची मर्यादा, विषय ठरलेला, तिथे शब्द मोजत मोजतच लिहावं लागतं आणि ते काम मशीनवरच सोयीचं. कथेत मात्र मला पुढे काय होणारे ते धड माहीत नसतं, दहा वाक्यं लिहायची आणि आठ खोडायची असं चालतं, आणि कागदाचा फायदा हा की खोडलेलं तिथेच राहतं, रेघेखालून दिसत राहतं. स्क्रीनवर डिलीट केलं की ते डोळ्यांसमोरून जातं आणि मग कोणी परत शोधायला जात नाही. माझ्या कथांमधली बरीच चांगली वाक्यं ही आधी खोडलेली आणि दोन पानांनंतर परत उचललेली आहेत.

वही कुठली?

साधं दोनशे पानी लाँगबुक, एकेरी रेघांचं, शाळेच्या दुकानात मिळतं तेच. नवनीत, सुंदरम, क्लासमेट, जे असेल ते चालतं, फक्त शाईपेनाची शाई मागच्या पानावर उतरते का ते दुकानातच एक रेघ मारून बघायचं, चांगला दुकानदार बघू देतो.

वही वापरायची माझी पद्धत अशी. फक्त उजव्या पानावर लिहायचं, एक ओळ सोडून, डावीकडे चार बोटं समास. डावं पान पूर्ण कोरं ठेवायचं. दुसऱ्या वाचनात जे सुचतं, एखादा संवाद, एखादं नाव बदलायचंय, "ही बाई इथे नको", ते सगळं डाव्या पानावर आणि तिथून बाण काढून उजवीकडे. समासात फक्त प्रश्न लिहायचे, म्हणजे "तेव्हा डोंबिवलीहून जलद गाडी किती वाजता होती?" असले, जे नंतर शोधून काढायचे असतात. लिहिता लिहिता उठून शोधायला गेलं की कथा थांबते. आधीची पिढी हस्तलिखित पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहायची, कारण जुळारी (छापखान्यात खिळे जुळवणारा) आणि संपादक दोघांना जागा लागायची. मी हस्तलिखित कोणाला पाठवत नाही पण माझा पहिला संपादक मीच असते आणि मलाही जागा लागतेच.

वहीशिवाय घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. ऑफिसातले एका बाजूला छापलेले रद्दी कागद (ग्राहकांची नावं-नंबर असलेले नाही हां, ते श्रेडरमध्येच जातात). पाठकोऱ्यावर लिहिताना हात मोकळा सुटतो, कोऱ्या करकरीत कागदाचं दडपण येत नाही. अडले की पाठकोरं घेते.

पेन?

घरी शाईपेन, बाहेर बॉलपेन, पावसाळ्यात पेन्सिल.

शाईपेन कारण त्याला दाब लागत नाही, दोन तास लिहिलं तरी अंगठा दुखत नाही. बॉलपेन दाबून लिहावं लागतं आणि देवनागरीत तर प्रत्येक शब्दाला शिरोरेघ, वर वेलांट्या आणि मात्रा, हात सारखा उचलावा लागतो, त्याने जास्त थकायला होतं. मी खर्ड्यात शिरोरेघ मारतच नाही, मोडीसारखं सलग लिहिते, वेग वाढतो. ज्यांचा हात दुखतो त्यांनी हे नक्की करून बघा. निब मध्यम जाडीची घ्या, फार बारीक निबेने जोडाक्षरं कागद ओरखडतात.

पेन्सिल का, तर जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत कागद दमट होतो, शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. अप्सरा किंवा नटराजची साधी एचबी घ्या. दोन्ही ब्रँड हिंदुस्तान पेन्सिल्स या एकाच कंपनीचे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे यातलं कुठलं भारी यावर वाद घालू नका.

स्टेशनरी कुठून घेता?

मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटजवळ, सीएसएमटीहून चालत जाता येतं. होलसेलची गल्ली आहे, डझनाने घेतलं तर परवडतं. पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौक. ऑनलाइन मी फक्त शाई मागवते.

लोकलमध्ये लिहिता का? गर्दीत कसं जमतं?

लिहिणं नाही, टिपणं. बसायला मिळालं तर छोटी डायरी, उभी असेन तर फोनवर गूगल कीप. लेडीज डब्यात ऐकलेला संवाद जसाच्या तसा, त्याच शब्दांत, त्याच मिनिटाला लिहायचा. संध्याकाळपर्यंत थांबलं की आपण आपोआप तो प्रमाण भाषेत सुधारून टाकतो आणि त्यातली सगळी मजा जाते. बाई "मला काय पडलेली नाय" म्हणाली तर तसंच. नाव, ऑफिस, ओळख पटेल असं काहीच लिहायचं नाही, फक्त बोलणं.

काही जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करतात (२०२२ पासून ती सोय अधिकृतच आहे, त्याआधी लोक एकट्याचा ग्रुप काढायचे). चालतं, पण तिथे टिपणं खाली खाली बुडत जातात. शनिवारी सकाळी मी कीपमधलं सगळं कच्च्या वहीत उतरवते आणि कीप रिकामं करते. उतरवताना अर्धं गळतं, ते गळायलाच हवं असतं.

मराठी टाइप करायला कुठला कीबोर्ड? इन्स्क्रिप्ट शिकू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट आहे: महिन्याला दोन-चार पानं लिहीत असाल तर फोनेटिक पुरे, लिहिणं हेच काम असेल तर इन्स्क्रिप्ट शिका.

फोनेटिक म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि मशीन देवनागरी करून देतं. विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आत आलेलंच आहे, फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) आहे. जुने लोक बराहा किंवा गमभन वापरायचे, मराठी संकेतस्थळांवर आमच्या पिढीने गमभनवरच हात बसवला. अडचण ही की तुम्ही मनात मराठी शब्द आणता, त्याचं इंग्रजी स्पेलिंग करता, मग मशीन पर्याय देतं, मग तुम्ही निवडता. न की ण, श की ष, ल की ळ, दर वेळी डोळा स्क्रीनवर. वाक्याची लय तुटते हो.

इन्स्क्रिप्टमध्ये मधे इंग्रजी येतच नाही. सरकारने १९८० च्या दशकात भारतीय भाषांसाठी ठरवलेला हा लेआउट, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मराठीत व्यंजनामागून मात्रा येते त्यामुळे उजवा-डावा-उजवा-डावा असा हात चालतो आणि एकदा बसला की खूप वेग येतो. मधल्या रांगेत डाव्या हाताला ओ, ए, हलन्त (पाय मोडायची खूण), इ, उ च्या मात्रा. उजव्या हाताला प, र, क, त, च, ट, म्हणजे जे सारखं लागतं ते बोटांखालीच. शिफ्ट दाबून बहुतेक ठिकाणी महाप्राण मिळतो: क वर ख, ग वर घ, त वर थ. ल वर शिफ्ट दिलं की ळ आणि र वर शिफ्ट दिलं की ऱ. हे तर्काचं आहे, पाठांतराचं नाही. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत हात बसतो. सुरुवातीला वेग इतका पडेल की रडू येईल, त्या काळात डेडलाइनचं काम इन्स्क्रिप्टवर घेऊ नका, फक्त टिपणं घ्या. आणि कीबोर्डवर स्टिकर लावू नका, त्याने नजर खाली जायची सवय लागते, त्यापेक्षा लेआउटचा प्रिंट स्क्रीनशेजारी चिकटवा.

फोनवर अजून एक चांगली गोष्ट म्हणजे स्वरचक्र, आयआयटी मुंबईत तयार झालेलं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं, बोट सरकवायचं की अक्षर तयार. माझ्या आईला मी यावरच टाइप करायला शिकवलं, तिला इंग्रजी स्पेलिंगचा त्रासच नको होता.

"ॲप" मधला ॲ आणि "दऱ्या" मधला ऱ नीट येत नाही, काय करू?

यावर जरा सविस्तर लिहिते कारण याने खरंच नुकसान होतं.

ॲ स्क्रीनवर एकसारखा दिसला तरी आत तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मराठीचा ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधी लोक अ, मग न दिसणारा जोडक, मग चंद्र असं तीन तुकड्यांत लिहायचे, अजूनही काही कीबोर्ड तसंच देतात. तिसरा प्रकार म्हणजे ए वर चंद्र, तो हिंदीचा, हिंदी कीबोर्ड लावून मराठी लिहिणाऱ्यांच्या फायलीत तोच सापडतो. आता समजा तुमच्या फाइलमध्ये तिन्ही मिसळलेत आणि तुम्ही "ॲडमिशन" शोधून बदलताय, तर काही सापडतील आणि काही नाहीच सापडणार, दिसायला सगळे नीट असूनही. मी फाइल पूर्ण झाली की शेवटी फाइंड-रिप्लेस करून सगळे एका प्रकारात आणते, दोन मिनिटांचं काम आहे.

ऱ्य चं तसंच. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, कुऱ्हाड यात जो र येतो तो आडव्या मिशीसारखा दिसतो, आणि आचार्य, सूर्य यात डोक्यावर रफार येतो. "आचाऱ्याला बोलवा" आणि "आचार्याला बोलवा" यात स्वयंपाकी आणि गुरुजी इतका फरक आहे. इन्स्क्रिप्टवर शिफ्टचा ऱ, मग हलन्त, मग य. फोनेटिकवर बरेचदा पर्यायांतून निवडावं लागतं. कीबोर्ड भाषा "मराठी" निवडली आहे ना हे आधी बघा, "हिंदी" असेल तर ळ आणि ऱ साठी उगाच झगडावं लागतं.

बोलून टाइप करता का? व्हॉइस टायपिंग मराठीत चांगलं चालतं?

चालतं. गूगलने २०१७ मध्ये मराठी घेतलं तेव्हापासून वापरतेय आणि वहीतला खर्डा मशीनवर चढवायला माझी मुख्य पद्धत हीच आहे. लाँगबुक समोर धरायचं आणि गूगल डॉक्सला वाचून दाखवायचं. एका दगडात दोन पक्षी, टायपिंगही होतं आणि मोठ्याने वाचनही होतं, वाक्य कुठे अडखळतंय ते जिभेला कळतं. विरामचिन्हं मी नंतर हाताने घालते, नावं आणि आडनावं परत तपासते.

बोलीला मात्र चालत नाही. माझ्या कथांमध्ये राजापूरकडची माणसं आहेत, त्यांचं बोलणं मशीन प्रमाण मराठीत ओढतं किंवा जवळचा हिंदी शब्द टाकतं. असे संवाद मी बोलत नाही, टाइपच करते, अक्षर अक्षर.

फॉन्ट कुठला?

लिहिताना मुक्ता, मुंबईच्या एक टाइपने केलेला, फुकट आहे, वजनं (अक्षराची कमी-जास्त जाडी) भरपूर, लहान आकारातही वेलांट्या स्पष्ट दिसतात. प्रिंट काढून वाचताना तिरो देवनागरी मराठी, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल-श बघून तुम्हाला काही वाटत नसेल तर नका त्रास घेऊ, मला वाटतं. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीचे ल आणि श कसे लिहायचे हे ठरवून दिलंय.

एक युक्ती: शेवटचं प्रूफ वाचताना फॉन्ट आणि आकार दोन्ही बदला. रोजच्या फॉन्टमध्ये डोळा सरावलेला असतो, चुका दिसत नाहीत. मी १४ पॉइंटला, डबल स्पेसिंग देऊन ए-फोरवर प्रिंट काढते आणि लाल पेनाने वाचते.

संपादक/डीटीपीवाले (अंकाची पानं कंप्युटरवर लावणारे) श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये फाइल मागतात. देऊ का?

युनिकोडच द्या, आणि नम्रपणे सांगा की कन्व्हर्ट तुमच्याकडे करा.

कारण समजून घ्या. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर नसतंच. मशीनच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांचं चित्र मराठी काढलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की खाली निव्वळ कचरा उरतो. आणि प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टची फाइल दुसऱ्यात उघडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही लावा, अक्षर तेच राहतं. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, विंडोजमध्ये २००० पासून मंगल फॉन्ट येतोय. म्हणजे ही काही नवीन गोष्ट नाही.

डीटीपीवाल्यांचीही बाजू आहे. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर-क्वार्कच्या सेटअपला युनिकोड देवनागरी झेपत नाही, नवीन सॉफ्टवेअरचा खर्च असतो, हात जुन्या लेआउटवर बसलेले असतात. ज्यांच्याकडे इनडिझाइन (पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर) आहे त्यांना एवढंच सांगा की परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, आणि मग ते म्हणतात युनिकोडच वाईट.

कन्व्हर्ट झाल्यावर कुठे मोडतं ते ठरलेलं असतं: ऱ्य, रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलं की (उदाहरणार्थ "निश्चित", "शक्तिमान"), ॲ-ऑ, आणि अवतरणचिन्हं. एका अंकात माझ्या कथेतल्या सगळ्या "वाऱ्या" "वार्या" होऊन छापल्या गेल्या, आणि ती कथा पंढरीच्या वाटेवरची होती, प्रत्येक पानावर तो शब्द. मनस्ताप झाला खूप. तेव्हापासून मी फाइलबरोबर एक छोटी यादी पाठवते, "हे बारा शब्द कन्व्हर्ट झाल्यावर शोधून बघा", आणि कोणीही आजवर याचा राग मानलेला नाही, उलट एका डीटीपी ताईने ती यादी भिंतीवर लावली.

पाठवायचं कसं: वर्ड फाइल आणि पीडीएफ, दोन्ही. पीडीएफ फक्त बघायला, म्हणजे अक्षर कसं दिसायला हवं ते त्यांना कळतं. नुसती पीडीएफ कधीच पाठवू नका, त्यातून मराठी मजकूर कॉपी केला की मात्रा इकडच्या तिकडे होतात. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, झिप केल्यावर देवनागरी नावांचे कधी कधी चौकोन होतात.

माझं वीस वर्षांपूर्वीचं लिखाण जुन्या फॉन्टमध्ये अडकलंय. वाचवता येईल?

येईल आणि आत्ताच करा, जोवर तो फॉन्ट आणि ते मशीन कोणाकडे तरी आहे तोवर. फॉन्टचं नेमकं नाव शोधा (फाइल उघडून फॉन्टच्या चौकोनात दिसतं), त्या फॉन्टचं कन्व्हर्टर नेटवर शोधा, लोकप्रिय फॉन्टचे बहुतेक फुकट मिळतात. कन्व्हर्टर नाहीच मिळालं तर फाइल प्रिंट करा, स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवून "डॉक्समध्ये उघडा" म्हणा, छापील मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं. छापील अंकांच्या कात्रणांनाही हाच उपाय. हस्ताक्षरासाठी यावर भिस्त ठेवू नका, तिथे वाचून दाखवणं जास्त जलद.

वर्ड, डॉक्स, स्क्रिव्हनर, नोशन, ऑब्सिडियन… नक्की काय?

मशीनवर चढवलेला खर्डा गूगल डॉक्समध्ये, पाठवायला वर्ड फाइल, साठवायला साधी टेक्स्ट फाइल. बस्स.

डॉक्स कारण फोनवर थांबलेलं लॅपटॉपवर पुढे चालू होतं आणि व्हर्जन हिस्ट्री आहे. ऑफलाइन सोय चालू करून ठेवा, गावाला नेट गेलं तरी काम अडत नाही. टिपणांसाठी ऑब्सिडियन चांगलं आहे कारण आत नुसत्या टेक्स्ट फायली असतात, ॲप उद्या बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. नोशन सुंदर दिसतं, पण मी तीन दिवस टेबलं सजवत बसेन असं मला दिसतं म्हणून लांब राहते. स्क्रिव्हनर कादंबरीवाल्यांना उपयोगी, कथेला गरज नाही.

शुद्धलेखन कसं तपासता?

डोळ्याने. लिब्रे ऑफिसला मराठी शब्दतपासणी जोडता येते, मी शेवटी एकदा फिरवते, पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात ("घराघरांतल्यासारखं" हा एक शब्द झाला), त्यामुळे निम्मं पान लाल होतं. शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट वाचून काढा, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, मिळून फक्त अठरा आहेत. कथा लिहिणाऱ्यांना त्यात एक चांगली सवलत आहे: पात्राच्या तोंडी आणि आत्मनिवेदनाच्या ललित लेखनात "असं केलं" अशी बोलण्यातली रूपं चालतात. कोणी "केले" करायला लावलं तर हा नियम दाखवा.

शब्दकोश?

बृहद्कोश ही साइट, एका शोधात अनेक जुने कोश एकदम दिसतात. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. मला तो बोलीसाठी लागतो, होडीचे, भाताच्या कामाचे, भांड्यांचे जे शब्द घरात आजी वापरायची आणि मला धड आठवत नाहीत ते तिथे सापडतात. माहितीसाठी मराठी विश्वकोश, तोही ऑनलाइन आहे.

प्लॅनिंग कशात करता? डेडलाइन कशा सांभाळता?

भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये. घरात दोन असतात, स्वयंपाकघरातलं दूध, गॅस आणि वाढदिवसांचं, आणि दुसरं माझ्या टेबलासमोर, फक्त लिखाणाचं. ॲपमधलं कॅलेंडर उघडलं तरच दिसतं, भिंतीवरचं येता जाता दिसतं, घरातल्यांनाही दिसतं, आणि "या आठवड्यात आईला काम आहे" हे सांगावं लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याने तिथी असलेलं कॅलेंडर ठेवावंच, कारण आपलं वर्ष दिवाळीवरून उलटं मोजायचं असतं. १९०९ मध्ये मनोरंजनने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही घडी आहे. आणि दिवाळी दर वर्षी हलते. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते थेट ८ नोव्हेंबरला. अठरा दिवसांचा फरक! पण संपादकांचं पत्र नेहमीप्रमाणे उन्हाळ्यात येतं आणि तारीख बहुतेक जून-जुलैचीच असते, कारण छपाई आणि जाहिराती गणपतीच्या आगेमागे चालतात. म्हणून अधिक महिन्याच्या वर्षी "दिवाळी लांब आहे" या भरवशावर राहू नका.

माझं उलटं गणित असं: द्यायच्या तारखेआधी एक आठवडा प्रूफ वाचायला, त्याआधी दोन आठवडे कथा बंद करून ठेवायला (हात लावायचा नाही, वहीसुद्धा कपाटात), त्याआधी टायपिंग, त्याआधी खर्डा. म्हणजे जुलैअखेरीच्या कथेचा खर्डा मे महिन्यात सुरू, आणि मे महिन्यात लग्नं आणि पाहुणे, हे कॅलेंडरवर आधीच दिसतं. हिरव्या पेनाने खर्डा, लाल पेनाने द्यायची तारीख. एका वेळी दोनच कथा चालू ठेवते. तिसऱ्या संपादकांना वेळेत नाही सांगते, फोन करून, गप्प बसून नाही, कारण त्यांनाही पानं भरायची असतात.

आणि कथेचं प्लॅनिंग? आउटलाइन?

जुन्या लग्नपत्रिका! आमच्याकडे ढीग असतो, जाड कागद, आतली बाजू बरेचदा कोरी. पोस्टकार्डाएवढे तुकडे कापायचे, एका तुकड्यावर एक प्रसंग, दोन ओळींत: कोण, कुठे, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही तर तो प्रसंग बाजूला. मग पलंगावर मांडायचे आणि हलवायचे. देवाचं चित्र छापलेला भाग मी कापत नाही, वेगळा ठेवते. खर्ड्याआधी नाही, पहिल्या खर्ड्यानंतर हे करते, कारण आधी केलं तर कथा कार्डांबरहुकूम चालते.

बॅकअप?

तीन ठिकाणी. ड्राइव्ह, एक पेनड्राइव्ह जो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो (घरात पाणी शिरलं तरी वाचेल म्हणून), आणि छापील प्रत फायलीत. वर्षातून एकदा, नवीन कालनिर्णय लावते त्या दिवशी, सगळ्या कथांच्या टेक्स्ट फायली काढून पेनड्राइव्हवर टाकते. वह्या डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या ट्रंकेत, मुंबईच्या हवेत वाळवी आणि कसर दोन्ही लागते.

एआय वापरता का?

स्कॅन केलेला मजकूर ओळखायला, बोललेलं टाइप करायला, तेही तेच तंत्र आहे, ते वापरते. वाक्य लिहायला नाही. माझ्या माणसांचं बोलणं मी डब्यात उभी राहून जमवलंय, ते मला स्वतःलाच लिहायचंय.

नुकतीच सुरुवात करतेय, पैसे फार नाहीत. कमीत कमी काय घेऊ?

एक लाँगबुक, दोन बॉलपेनं, हातातला फोन. फोनवर जीबोर्ड किंवा स्वरचक्र, गूगल डॉक्स, सगळं फुकट. लॅपटॉप नसला तरी वाचून दाखवून टाइप होतं. कागद संपला तर पाठकोरे मागा कुठल्याही ऑफिसात, लोक आनंदाने देतात.

मी परदेशात असते, ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करता येत नाही. मराठी कसं लिहू?

गूगल इनपुट टूल्सचं वेबपेज ब्राउझरमध्ये उघडा, मराठी निवडा, तिथे टाइप करून कॉपी करा, इन्स्टॉल काहीच लागत नाही. डॉक्समध्येही खात्याच्या सेटिंगमधून इनपुट टूल्स चालू करता येतात. आयफोन आणि मॅकमध्ये मराठी कीबोर्ड आतच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. आणि ऑफिसच्या मशीनवर लिहिलेलं त्याच दिवशी स्वतःच्या खात्यात पाठवा, तिथे एकही प्रत ठेवू नका, नोकरी बदलली की ते मशीन परत द्यावं लागतं.